आयुष्य म्हणजे उचल नव्हे



एम.ए.ला असताना मी आल्बेर काम्यूचं सिसिफसवरचं पुस्तक वाचलं. 1942 सालचं. देवांनी सिसिफसला शिक्षा दिली : धोंडा डोंगरावर ढकलत न्यायचा, तो गडगडत खाली येणार, पुन्हा ढकलायचा. अशा आयुष्याला अर्थ काय, यावर वर्गात चर्चा रंगली. मला मात्र आई दिसत होती. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी. मोळी टाकायची, उतरायचं, पुन्हा मोळी.

सिसिफसने निदान देवांना फसवलं होतं. आईने काय केलं होतं? आपल्याकडे उत्तर तयार असतं : मागच्या जन्मीचं कर्म. म्हणजे आपल्या आयुष्याचा अर्थ आपण जन्मण्याआधीच दुसऱ्यांनी ठरवलेला. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच मांडलं. म्हणून आपला पहिला प्रश्न असा असतो : हा धोंडा याच माणसाच्या वाट्याला कुणी दिला?

पण एक धोंडा आपण स्वतःही डोक्यावर घेतो. ऊसतोडीला निघण्याआधी मुकादम आगाऊ पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगामभर राबून उचल फेडायची, नाही फिटली तर ती पुढच्या हंगामाला मानेवर. घरातले पहिले पदवीधर म्हणून आपण शिक्षणाकडे असंच बघतो. आईबापांचे कष्ट, भावंडांची शिक्षणं, समाजाचं ऋण, सगळं फेडायचं. फेडणं म्हणजेच जगणं.

माझी फेलोशिप आठ महिने अडकली, तेव्हा रात्र रात्र झोप नव्हती. फेडता येत नसेल, तर आपण आहोत कशाला? एकदा फोनवर आईला हे बोलून गेले. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, मी काय मुकादम हाय का? तुला शिकवलं ती काय उचल व्हती? जेवलीस का, ते सांग आधी."

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मी त्यानंतर पुन्हा वाचला. आजचं दारिद्र्य मागच्या जन्माच्या कर्माचं फळ, हे बाबासाहेब तिथे नाकारतात. आणि सांगतात की एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. दोन माणसं एकमेकांसोबत जगू लागली की धम्म लागतो. सिसिफस डोंगरावर एकटा आहे. आपण एकटे नाही. माझ्यापुरता अर्थ मला तिथे सापडला.

याचा अर्थ जबाबदारी झटकायची असा नाही. मी आजही ज्युनिअर मुलांचे फेलोशिपचे फॉर्म भरून देते. पण कर्जदार म्हणून नाही, मैत्रीने. कर्ज फेडणारा माणूस थकला की स्वतःला गुन्हेगार समजतो. मैत्रीत थकलेल्याला बसायला जागा असते.

तेव्हा आज होस्टेलवर परत गेलात की शेजारच्या खोलीचं दार वाजवा. आतल्याला थीसिस कुठवर आला, हे विचारू नका. जेवलास का, एवढंच विचारा.

जय भीम.