वणीचा कोळसा काय सांगतो?



‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न मला लहानपणापासून विचारला जातो. मी सांगतो, यवतमाळचा. आज तोच प्रश्न आपण जमिनीला विचारू.

वणीचा कोळसा २५ कोटी वर्षांहून जुन्या जंगलांचा. त्या काळच्या ग्लॉसोप्टेरिस झाडांच्या पानांचे ठसे भारतासारखेच आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिकातही सापडतात, कारण तेव्हा हा सगळा भूभाग एकच होता. त्याचं नाव गोंडवाना, गोंडांच्या मुलखावरून पडलेलं. पुढे तो फुटला, आपला तुकडा उत्तरेकडे सरकला. वाटेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, लाव्हा पसरला. त्याच्या खडकातूनच आपली कापसाची काळी माती झाली. नंतर हा तुकडा आशियाला धडकला आणि हिमालय उभा राहिला.

जमीनच इतक्या दुरून आली आहे. मग तिच्यावर राहणाऱ्या कुणाला परकं म्हणायचं?