रविवारची पेज



वर्धापनदिनाला पेजेवर बोलायचे म्हणजे लग्नघरात काढ्याची गोष्ट, असे कोणाला वाटेल. कोल्हापुरात रविवार म्हटला की तांबडा-पांढरा रस्सा, आणि तो मी कोणाच्याही ताटातून काढू इच्छीत नाही. दुपार त्याची असू द्या. माझे म्हणणे रात्रीपुरते आहे. रविवारी रात्री घरातल्या सर्व धडधाकट माणसांना पेज वाढावी.

धडधाकट हा शब्द मुद्दाम वापरते. आपल्याकडे पेज मिळते ती दोघांना: अंथरुणावरच्या माणसाला, आणि सर्वांची जेवणे उरकल्यावर तळाच्या भातात पाणी घालून खाणाऱ्या गृहिणीला. त्यामुळे पेज म्हणजे आजार, असे मुलांच्या मनात बसते. पुढे जुलाबाने पोर मलूल झाले आणि वाटी पुढे केली की ते तोंड फिरवते. बरे असताना जी चव कधी घेतली नाही, ती आजारपणात कशी रुचावी?

कसबा बावड्याला ही गोष्ट क्षुल्लक नाही. पंचगंगेकाठी आपली वस्ती. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले. पूर ओसरला तरी पाण्याचा भरवसा नसतो. जुलाबात माणूस दगावतो तो अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकीची साथ आली, तेव्हा बनगावच्या छावणीत सलाईन अपुरे पडू लागले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पाजविले, आणि शेकडा तीसच्या घरातले मृत्यू चाराच्या आत आले. पुढे ढाक्याच्या संशोधकांनी साखरेऐवजी तांदळाचे पीठ शिजवून तसेच पेय केले. पटकीच्या रोग्यांना ते चांगले लागू पडले.

म्हणून घरची पेज म्हणजे ते औषध, असे मात्र समजू नये. जुलाबात ओआरएसची पुडी आणावीच, तान्ह्याचे अंगावरचे दूध चालू ठेवावे. पोर सुस्त पडले किंवा लघवी थांबली तर तडक दवाखाना गाठावा. पण त्याच्या जोडीला, किंचित मीठ घातलेली पातळ पेज पोटात राहते आणि अंगात पाणी घालते.

आता कृती. तांदळाची कणी घ्यावी. ती स्वस्त, आणि शिजते लवकर. आजऱ्याच्या घनसाळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा वास घरभर सुटतो. पण पेजेला एवढी चैन हवीच असे नाही. उकडा तांदूळ मिळाला तर फार उत्तम. भात टरफलासकट उकडताना कोंड्यातले जीवनसत्त्व दाण्यात उतरते. चौघांना एक वाटी तांदूळ धुवून अर्धा तास भिजवावा. जाड बुडाच्या पातेल्यात आठ वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात सोडावा. झाकण अर्धवटच ठेवावे, नाहीतर उतू जाऊन गॅस विझतो. मंद आचेवर पाऊण तास शिजू द्यावा. उकड्याला जास्त वेळ लागतो. तळ वरचेवर ढवळावा. दाणा बोटांत सहज चिरडला की मीठ घालावे. निवताना पेज दाटते, म्हणून पातळ असतानाच उतरवावी. पाणी वाढवायचे तर कढतच घालावे. गुरगुट्या भात निराळा. पेज वाटीने पिता आली पाहिजे.

वर तुपाचा थेंब, सोबत भाजलेला पापड, लोणचे किंवा मेतकूट; मोठ्यांना खर्डा.

पातेल्याशी पाऊण तास कोणी उभे राहावे? रविवारी यजमान घरी असतात, थोरला मुलगा असतो. डाव त्यांच्या हाती द्यावा. घरची बाई आजारी पडली की शेजारणीकडे पातेले घेऊन धावणारी घरे गल्लोगल्ली आहेत. माणसे वाईट नसतात हो, त्यांना कोणी शिकविलेले नसते. शिवाय पेजेच्या रात्री भाकरी थापीत चुलीशी अडकावे लागत नाही. पातेले मध्ये ठेवावे आणि गृहिणीने सर्वांबरोबरच पहिली वाटी घ्यावी.

उरलेली पेज रात्रभर ओट्यावर ठेवू नये. शिजल्यावरही तगणारे काही जंतू भातात असतात आणि उबेत वाढून विष करतात. सकाळी कितीही उकळले तरी ते जात नाही. तासाभरात निववून फ्रीजमध्ये ठेवावी. फ्रीज नसेल तर रात्रीच म्हशीच्या घमेल्यात ओतावी.