इंजिन हाताने फिरवताना



मलकापूर, नांदुरा, खामगाव ही आपल्या जिल्ह्याची गावे सुरत-नागपूर-कोलकाता महामार्गावर वसली आहेत. रस्त्याच्या कडेला गॅरेजे आहेत आणि त्यांत आपली मुले राबतात. त्यांच्या एका साध्या कामाविषयी आज बोलायचे आहे.

गाडीचे इंजिन उतरवताना ते कधी कधी हाताने फिरवावे लागते. स्वयंचलित गिअरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे काही बोल्ट आत लपलेले असतात. खालच्या लहानशा खिडकीतून एका वेळी एकच दिसतो. तो काढायचा, इंजिन थोडे फिरवायचे, मग पुढचा काढायचा.

उस्ताद सांगतात, आधी बॅटरीची तार काढ, गाडी न्यूट्रलला ठेव, प्लग काढ. मुलगा तसे करतो, परंतु का? सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा दट्ट्याला अडवते. डिझेल इंजिनात ती साधारण १५ ते २० पट दाबली जाते. वाट मोकळी केली की तेच इंजिन सहज फिरते. लांब दांड्याच्या पान्याला जोर कमी का लागतो, हे तरफेच्या धड्यात आहेच. बॉक्स पाना पुढच्या पुलीच्या बोल्टला लावून, इंजिन चालताना ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवावे. उलट फिरवल्यास बोल्ट सैल होण्याची किंवा टायमिंगचा पट्टा सरकण्याची भीती असते. आणि इंजिन अडले, तर जोर करू नये, कारण शोधावे. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर पाणी हवेसारखे दबत नाही. जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो.

पालकहो, पाहा, या एका कामात विज्ञानाचे किती धडे आले! ‘गॅरेजात जायचे तर शाळा कशाला?’ हा प्रश्न म्हणूनच चुकीचा आहे. उस्तादांचा हुन्नर मोलाचा आहे. त्याला इल्माची जोड हवी. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा २ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार पुढे कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकता येते. सातवी-आठवीतून मुलाला उठवाल, तर मोटार मेकॅनिकच्या या अभ्यासक्रमाचा दरवाजा त्याच्यासाठी बंद होईल.

तेव्हा मुलाला गॅरेजात अवश्य पाठवा, पण दहावी पुरी करून पाठवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, हातात पाना घ्याल तेव्हा उस्तादांना अदबीने एक प्रश्न जरूर विचारा: हे असे का?