पाणी आमचें, पाट कोणाचा?

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शेतकरी व आदिवासी मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आज आम्ही पाण्याविषयीं बोलणार आहों, पण रडगाणें गाणार नाहीं. मुंबईचे जाडे नळ तुमच्याच शिवारांतून गेलेले आहेत. ते दाखविण्यास वक्ता नको. आज ह्या पाण्याचा हिशेब मांडावयाचा आहे. हिशेब दुसऱ्यानें मांडला म्हणजे बाकी नेहमीं आपल्याच नांवावर निघते, हा अनुभव आपल्या बापजाद्यांनीं सावकाराच्या वहींत घेतलेला आहे.

प्रथम एक दूरदेशची गोष्ट ऐका. 1848 सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत सोनें सांपडलें. हजारों गरीब माणसें कुदळी-घमेलीं घेऊन तिकडे धांवलीं. सोनें वाळूंत मिसळलेलें. तें वेगळें काढावयाचें तर माती पाण्यानें धुतली पाहिजे, आणि सोनें असेल तेथें पाणी असेलच असा नेम नाहीं. तेव्हां पैसेवाल्या मंडळींनीं कंपन्या काढल्या, डोंगराच्या कडेनें कोसचे कोस पाट खणले, दरींतून लांकडी पन्हळी नेल्या आणि पाणी मापानें विकावयास लागल्या. चौरस इंचाच्या भोंकांतून ठराविक दाबानें जितकें पाणी वाहील तो एक 'इंच', आणि त्यास रोजाचा अमुक भाव.

ह्या धंद्यांतली मेख नीट समजून घ्या. पाटाचा सारा खर्च आधीं करावा लागतो. तो एकदां झाला कीं पाणी उतारानें आपोआप चालतें. चौकीदार आणि डागडुजी, एवढाच पुढचा खर्च. खाणवाल्यास दुसरीकडून पाणी नाहीं, म्हणून भाव पाटवाला सांगेल तो. शिवाय तेथील वरिष्ठ न्यायालयानें 1855 सालीं असें ठरविलें कीं, ज्यानें पाणी पहिल्यानें वळविलें त्याचा हक्क पहिला. पाऊस कोणाच्या डोंगरावर पडला, हें कोणी विचारलें नाहीं. त्याच वर्षीं कोलंबिया नांवाच्या गांवीं खाणींतल्या लोकांनीं पाण्याचा दर उतरवावा म्हणून संप केला. स्वतःचा निराळा पाटही काढूं लागले. पाट पुरा झाला खरा, पण तो इतका महाग पडला कीं शेवटीं त्याच जुन्या कंपनीच्या घशांत गेला. खणणारे खणतच राहिले.

आतां घरीं या. मुंबई ही आपल्या मुलखांतली सोन्याची खाण आहे आणि तिचा पाट तुमच्या अंगणांतून निघतो. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा. ते दोन्ही मुंबईच्या कुशींतले. ते पुरेनात म्हणून 1892 सालीं शहापूर तालुक्यांत तानसाचें दगडी धरण झालें. पुढें 1957 सालीं वैतरणेवर मोडकसागर आला, मग ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि 2014 सालीं मध्य वैतरणा. ह्या सात तलावांत मुंबईकरितां मिळून 14 लाख 47 हजार 363 दशलक्ष लिटर पाणी सांठतें असें महापालिकाच सांगते. पैकीं भातसाचें 7 लाख 17 हजार 37 आणि तानसाचें 1 लाख 45 हजार 80. म्हणजे मुंबईच्या पाण्याच्या रुपयांतले जवळ जवळ साठ पैसे नुसत्या ह्या दोन धरणांचे. आणि दोन्ही शहापुरांत!

मुंबईच्या घरगुती नळास हजार लिटर पाणी दहा रुपयांच्या आंत मिळतें. आतां तुमच्या पाड्यावरचा भाव काढूं. फाल्गुन सरला कीं विहिरी तळ गांठतात. बाई दोन हंडे घेऊन निघाली, तीस लिटर पाणी आणलें, आणि जाऊन-येऊन, झऱ्यावर वाटीनें भरून, दीड तास गेला असें धरा. हजार लिटरला अशा तेहतीस खेपा, म्हणजे सुमारें पन्नास तास. आठ तासांचा रोज धरला तर सहा दिवसांहून अधिक. रोजाचे तीनशें रुपये धरले तर अठराशें रुपये झाले. मुंबईच्या दिवाणखान्यांत दहाच्या आंत आणि धरणाच्या उशाशीं अठराशें! बाईचें काम कोणी वहींत लिहीत नाहीं, म्हणून हा आंकडा कोणत्याही अंदाजपत्रकांत दिसत नाहीं.

येथें सरकारी बाजूचेंही खरें तें सांगितलें पाहिजे. कारण खोटा हिशेब एकदां पकडला गेला कीं आपला खराही कोणी ऐकत नाहीं. तानसाचें पाणी मुंबईकडे उतारानें जातें. आपले पाडे मात्र बहुतेक तलावाच्या वर, डोंगरावर. खालीं नेण्यास फुकट तें वर चढविण्यास पंप लागतो, वीज लागते. गांवोगांव नळयोजना झाल्या, टाक्या बांधल्या, उद्घाटनाच्या पाट्या लागल्या; पुढें विजेचें बिल थकलें, जोडणी तुटली, टाकी कोरडी. ग्रामपंचायतीनें पाणीपट्टी वसूल करावी म्हणतात. ज्याच्या घरीं माघांत दाणे संपतात तो पट्टी कशाची देणार? कातळ काळा, उतार तीव्र. शंभर इंच पाऊस पडला तरी तो दसऱ्यापर्यंत समुद्रास मिळतो. हें सारें खरें. पण ह्यावरून पाणी देतां येत नाहीं असें ठरत नाहीं. वर चढविण्याचा खर्च कोणीं द्यावयाचा, एवढेंच ठरावयाचें राहतें.

तो खालच्यानें द्यावा, असें आमचें म्हणणें आहे. मुंबईस रोज सुमारें 3,900 दशलक्ष लिटर पाणी जातें. त्यांतलें शहापुराचें म्हणून निदान 2,000 दशलक्ष धरूं, म्हणजे हजार-हजार लिटरचीं वीस लाख मापें. दर मापामागें फक्त पंचवीस पैसे ह्या तालुक्याच्या नांवें ठेवले, तर रोजचे पांच लाख आणि वर्षाचे सव्वाअठरा कोटि रुपये होतात. ज्या कुटुंबास महिन्यास पंधरा हजार लिटर लागतात त्याच्यावर पावणेचार रुपयांचा बोजा, एका कटिंग चहाचाही नव्हे. तेवढ्यांत पंपांचीं बिलें, नळांची दुरुस्ती आणि ओढ्यांवरचे बंधारे चालतील. ऑस्ट्रेलियांत 1903 सालीं कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींकरितां पांचशें किलोमीटरहून लांब नळ टाकला. पुढें त्याच नळावरून वाटेंतलीं गांवें आणि शेतेंही भिजलीं. तेथें तो सरकारी नळ होता. आपलाही सरकारी आहे!

बंधाऱ्यांचें नांव निघालें म्हणून सांगतों. जोतीराव फुल्यांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत डोंगरदऱ्यांत ठिकठिकाणीं तळीं-तलाव बांधून पाणी जागीं मुरवावें असें त्यांनीं सांगितलें होतें. तेव्हां तानसाचें धरण व्हावयाचें होतें.

मुरबाडकरांनीं मात्र आणखी सावध असलें पाहिजे, कारण तुमचा पाट अजून पुरा खणला गेलेला नाहीं. बारवी धरणाची उंची वाढली तेव्हां बुडितांतल्या कुटुंबांना नोकऱ्या मिळाल्या, पण त्या लढल्यावर. आपण होऊन कोणी देऊं केल्या नाहींत. काळू धरणाचें काम वनखात्याच्या परवानगीवांचून सुरू झालें होतें. श्रमिक मुक्ति संघटनेनें दाद मागितल्यावर 2012 सालीं उच्च न्यायालयानें तें थांबविलें. तोच विषय पुन्हां डोकें वर काढीत आहे. धरण नकोच म्हणणारे ठाकूर-कातकरी बंधु आहेत, मोबदला घेऊन मोकळें व्हावें म्हणणारे कुणबी बंधुही आहेत. दोघांस आमची विनंती एकच : आधीं ग्रामसभा, मागून कुदळ. 2006 च्या वनहक्क कायद्यानें ज्यांचे दावे उभे आहेत, त्यांनीं ते निकालांत निघाल्याशिवाय कोणत्याही कागदावर अंगठा उठवूं नये.

एक गोष्ट आपल्यापैकीं कांहींना आवडणार नाहीं. टँकर येतो, विहिरींत पाणी सोडतो, आणि तेथें पहिली घागर कोणाची पडते? रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव 1923 चा, महाडचें चवदार तळें 1927 चें. इतक्या वर्षांनीं कातकरी बाई कडेला उभी राहून सर्वांचें झाल्यावर घागर सोडीत असेल, तर मुंबईवाल्यास न्याय विचारावयास आपण कोणत्या तोंडानें जावें? 'पहिला आला त्याचा पहिला हक्क' हा पाटवाल्यांचा कायदा आपल्या विहिरीवर आपणच चालवितों, हें बंद झालें पाहिजे.

तर ठरावाचा मसुदा असा आहे. मुंबईस जाणाऱ्या प्रत्येक हजार लिटरमागें पंचवीस पैसे तालुक्याच्या पाणीनिधींत जमा व्हावे. निधीचा हिशेब दर सहा महिन्यांनीं ग्रामसभेपुढें वाचावा. त्यांतून पहिला खर्च धरणाच्या वरच्या पाड्यांच्या विजेवर व्हावा. आणि निधीच्या कमिटींत निम्म्या जागा पाणी वाहणाऱ्या बायांच्या असाव्यात. कागद येथें टेबलावर आहे. आपापल्या ग्रामसभेंत तो वाचून, मंजूर करून, शिक्का घेऊन आणावा. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांच्या पाड्यावर आमचीं माणसें वहीं-पेन घेऊन येतील. पण आंकडे त्यांना पाठ म्हणून दाखवा.