खेळाडूचे पोट आणि कामकऱ्याचे ताट



आम्ही शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दारात फार शिकलो. आतड्यांतील जंतूंवर आम्ही का बोलावे? कारण प्रश्न शेवटी भाकरीचा आहे.

2014 साली आयर्लंडमधील 40 व्यावसायिक रग्बीपटूंची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांच्या आतड्यांत जंतूंचे प्रकार इतरांपेक्षा अधिक आढळले. पण ते प्रथिनेही अधिक खात. तेव्हा श्रेय मेहनतीचे की ताटाचे, हे ठरेना. पुढे इलिनॉय विद्यापीठाने बैठ्या माणसांना, आहार न बदलता, सहा आठवडे व्यायाम दिला. उपयुक्त आम्ले बनविणारे जंतू वाढले, विशेषतः सडपातळ माणसांत. व्यायाम थांबताच ही वाढ बरीचशी ओसरली. म्हणजे मेहनतीला स्वतःचे फळ आहे. पण ते साठवून ठेवता येत नाही.

ही आम्ले जंतू कशापासून बनवितात? डाळी, भाज्या आणि सालासकट धान्य यांतील जो चोथा आपल्याला पचत नाही, त्यापासून. मोठ्या आतड्याचे अस्तर मुख्यतः त्यांवर पोसते. नुसती मेहनत आणि रिकामे ताट, मग जंतूंनी खावे काय?

खेळाडूच्या ताटाची व विसाव्याची काळजी संघ घेतो. पोती वाहणाऱ्या हमालाची कोण घेतो? 1948 च्या कारखाना कायद्याने मोठ्या कारखान्यांत उपाहारगृह सक्तीचे करण्याची तरतूद केली. तेथे चहा-भज्यांबरोबर उसळ-भाकरी मिळावी, आणि ती सावकाश खाण्याइतकी सुट्टीही मिळावी. ही दयेची याचना नव्हे, श्रमाचा हिशेब आहे.