मुदत टळू देऊ नका

(वर्षावास कार्यक्रमात बुद्धविहारात केलेले भाषण)



मी वकील नाही, बँकेतला कारकून आहे. चेकवरची तारीख पाहणे हे माझे रोजचे काम. तीन महिने उलटलेला चेक आला, तर खात्यात पैसे असूनही तो परत करावा लागतो. नोकरीवरून काढलेल्या माणसाचेही असेच होते. हक्क खरा असतो, पण तारीख निघून गेलेली असते.

आपल्या वस्तीतील एका उपासकांना २०१४ साली एका कारखान्याने तोंडी सांगून काढून टाकले. नोकरी अठरा वर्षांची. साहेब म्हणाले, "कोर्टकचेरी करू नका, मंदी सरली की घेतो." ते थांबले. दर दिवाळीला विनंती अर्ज देत राहिले. २०१८ साली फाईल घेऊन माझ्याकडे आले. आम्ही वकिलांकडे गेलो. त्या वेळच्या कायद्यात कामगार न्यायालयात थेट दाद मागायला तीन वर्षे होती. ती २०१७ सालीच संपली होती. जिना उतरताना ते एवढेच म्हणाले, "भाऊ, मी काही गप्प बसलो नव्हतो हो!"

बंधूंनो, खरेच ते गप्प बसले नव्हते. पण विनंती अर्जाने मुदत थांबत नाही. सरकारी नोकराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच हे सांगितले आहे की, नियमात नसलेले अर्ज पुन्हा पुन्हा केल्याने मुदत वाढत नाही.

आता मुदती ध्यानात ठेवा. खाजगी शाळेतील कर्मचाऱ्याला १९७७ च्या कायद्याप्रमाणे आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावे लागते. राज्य सरकारी नोकराला अंतिम आदेशापासून एक वर्षात 'मॅट'कडे जावे लागते. खात्यातील अपिलाला सहा महिने उत्तर आले नाही, तर त्यापुढे एक वर्ष मिळते. कारखान्यातील कामगारांसाठी २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात दोन वर्षांनंतर समेट अधिकारी वाद हाती घेऊ शकत नाही. समेट फसला, तर अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. म्हणजे पूर्वीची तीन वर्षे विसरा.

सबळ कारण दाखवून काही ठिकाणी उशीर माफ होतो. पण त्या भरवशावर राहू नका.

काढले त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा. तोंडी काढले असेल तर "मी कामावर यायला तयार आहे" असे पत्र स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपा. ओळखपत्र, पगारपत्रक सांभाळा. आठवड्याच्या आत वकील किंवा युनियन गाठा. पैसे नाहीत म्हणून अडू नका. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, महिला आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून कामगारांसाठी कायदे घडवले. ते वेळेत वापरणे आपल्या हाती आहे. तथागतांचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच होता. कोणाच्या घरात आज असा कागद पडून असेल, तर त्यांनी कार्यक्रम संपल्यावर तो मला दाखवावा. आजच दाखवावा.

नमो बुद्धाय! जय भीम!