पाचामागची सहावी

घरात सात-आठ वर्षांचं पोर असेल तर त्याला जरा जवळ बोलवा. रेडिओ चालूच राहू द्या. पोराला खिडकीपाशी उजेडात उभं करा आणि म्हणा, आ कर. आता खालच्या जबड्यात, अगदी समोर मधोमध, तिथून एका बाजूनं मागं मोजत चला. पटाशीचे दोन, मग सुळा, मग दाढा दोन. एखादा पडला असेल तर त्याची रिकामी जागाही धरा. झाले पाच. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात, वर-खाली, डावे-उजवे मिळून वीस. आता त्या पाचाच्या मागं आणखी कुणी बसलंय का? बसलं असेल, तर ती दाढ दुधाची नाही. ती पक्की आहे, म्हातारपणी भाकरी चावायला लागेल तीच.

ही दाढ आल्याचा घरात पत्ता लागत नाही. पुढचा दात हलायला लागला की केवढा गाजावाजा होतो! जीभ लावून लावून पोर तो हलवतं, शेजारच्यांना दाखवून येतं. आमच्याकडे तर पडलेला दात कौलावर फेकायचा आणि उंदराकडे नवा मागायचा अशी रीत होती. या दाढेसाठी मात्र काहीच पडत नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास मागची हिरडी फोडून ती गुपचूप वर येते. चार दिवस पोर एकाच बाजूनं जेवतं आणि आपण म्हणतो, नाटकं चाललीत. दंतवैद्य समोरून मागं दात मोजतात, त्या मोजणीतही तिचा नंबर सहाच. सहाव्या वर्षी येणारी सहावी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

माझ्याकडे एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या. पोरगी साडेआठची. खालची डावी सहावी दाढ मधोमध काळी पडून खड्डा झालेला. आजी म्हणाल्या, "काढून टाका डॉक्टर, दुधाचीच आहे. दुसरी येईल." मी म्हटलं, "आजी, हीच दुसरी." त्यांनी जरा विचार केला. "मग पहिली कुठं गेली?" "पहिली नव्हतीच कधी." त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मीच हिशेबात काहीतरी लबाडी करतेय.

दाढ दोन वर्षांत इतकी कशी किडते? नव्या दाढेचं वरचं कवच अजून पुरतं कणखर झालेलं नसतं. माथ्यावरच्या खाचा खोल असतात, त्यात बिस्किटाचा लगदा जाऊन बसतो. शिवाय वर येताना बरेच महिने ती शेजारणीपेक्षा बुटकी असते, म्हणून ब्रश वरून नुसता निघून जातो. तेव्हा ब्रश गालाकडून आडवा घालायचा आणि त्या एका दाढेवर वेगळा फिरवायचा. सात-आठ वर्षांपर्यंत हे काम मोठ्यांनीच करावं. टूथपेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात, तिकडे बघू नका. आणि दाढ नीट वर आली की दंतवैद्याकडून त्या खाचा बुजवून घ्याव्यात. एक पातळ थर भरतात; सुई नाही, कोरणं नाही. पोराला फक्त थोडा वेळ तोंड उघडं ठेवावं लागतं, आणि खरं सांगायचं तर तेवढंच अवघड असतं.

आता पाचांतल्या दुधाच्या दाढांकडे या. "पडणारच आहेत" हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकते. पडणार आहेत, पण दहाव्या ते बाराव्या वर्षी. तोवर त्या जागा धरून बसलेल्या असतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तो रुमाल म्हणजे दुधाची दाढ. किडली म्हणून सातव्या वर्षी ती उपटली, की मागची सहावी पुढं सरकते आणि खालून येणाऱ्या पक्क्या उपदाढेला उभं राहायला जागा उरत नाही. मग ती आडवीतिडवी येते, नाहीतर हाडातच अडकते. म्हणून शक्य तोवर दुधाची दाढ भरून वाचवतात. काढावीच लागली, तर जागा राखायला तारेचं छोटं कडं बसवता येतं. पुढं चौदाव्या वर्षी दोन वर्षं तारा लावण्यापेक्षा हे कडं कितीतरी स्वस्त.

याउलट, जिथं थांबायला हवं तिथं लोकांना धीर नसतो. आठव्या-नवव्या वर्षी वरच्या दोन मोठ्या पटाशींमध्ये फट पडते, दात पंख्यासारखे फाकतात. आई घाबरून म्हणते, लगेच क्लिप बसवा. ब्रॉडबेंट नावाच्या अमेरिकी दंतवैद्यानं 1937 साली या अवस्थेला 'कुरूप बदकाचं पिल्लू' असं नाव दिलं. हाडात वर दडलेले पक्के सुळे शेजारच्या दातांची मुळं दाबतात, म्हणून दात फाकतात. अकरा-बाराव्या वर्षी सुळे खाली उतरले की लहानशी फट बहुधा आपोआप मिटते. खालच्या पटाशीच्या मागं दुसरी रांग दिसली तरी तेच. दुधाचा दात हलत असेल तर थोडे आठवडे वाट बघा, जीभ नव्या दाताला पुढं ढकलते.

मात्र वरचे दात खालच्यांच्या मागं बसत असतील, तोंड मिटताना जबडा एका बाजूला सरकत असेल, पोर रात्री तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, किंवा पक्के दात आले तरी अंगठा सुटत नसेल, तर थांबू नका. वाढत्या हाडाला वळण लावणं सोपं असतं. सातव्या वर्षी एकदा तरी दाखवून घ्यावं. खासगीचा खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं सरकारी शाळांत येतात, तीही दात तपासतात. हा कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरातूनच सुरू झाला. तपासणीनंतर मिळालेली चिठ्ठी दप्तरात चुरगळू देऊ नका.

त्या नातीची दाढ राहिली. मुळांची टोकं अजून मिटायची होती, म्हणून आतला फक्त वरचा दुखरा भाग काढला, औषध भरलं आणि वर स्टीलची टोपी बसवली. महिन्यानं आजी पुन्हा आल्या, या खेपेला धाकट्या नातवाचा हात धरून. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "मोजलेत मी. वर पाच-पाच, खाली डावीकडे पाच. उजवीकडे सहावीचं टोक दिसतंय."